कापसाच्या खोलीतला स्टुडिओ

दिवाळीनंतर हट्ट्याला गेलं की बहिणीच्या घरातली एक खोली माणसांची राहत नाही, ती कापसाची होते. वेचून आणलेला कापूस भाव येईपर्यंत तिथंच पडून असतो, ढिगावर उभं राहून हात वर केला तर छताला लागेल इतका उंच. मागच्या खेपेला त्या खोलीचं दार ढकललं, तर भाचा ढिगाला पाठ टेकून, मांडीवर मोबाईल ठेवून गात बसलेला. दाराबाहेर त्याचा आवाज जवळजवळ येतच नव्हता.

"इथं आवाज साफ येतो मामा. तिकडं घुमतो."

पोराला ध्वनिशास्त्राचा एक धडा कुणी न शिकवता सापडला होता. अंगाला खाज सुटली होती, ती वेगळी.

हट्टा वसमत तालुक्यातलं. हळदीचा आणि कापसाचा मुलूख. नामदेवांचं नरसी याच हिंगोली जिल्ह्यात, त्यामुळे इकडं भजनी मंडळ नसलेलं गाव शोधूनच काढावं लागेल. भाचा मंडळात पेटी वाजवतो, रात्री मोबाईलवर सिनेमे बघतो आणि त्यातलं एखादं गाणं डोक्यात बसलं की ते पेटीवर काढून, स्वतः गाऊन, मोबाईलवरच रेकॉर्ड करतो. माईक नाही, संगणक नाही. पैसे साठवून माईक घ्यायचा त्याचा बेत होता आणि कोणता घ्यावा, हे विचारायला त्यानं मला धरलं होतं. मी म्हटलं, आधी तुझी दुखणी सांग.

पहिलं दुखणं घुमण्याचं. गिलावा केलेली, शहाबादी फरशीची, स्लॅबची खोली म्हणजे आवाजाच्या दृष्टीनं आरशांची खोली. तोंडातून निघालेला स्वर भिंतीवर आपटतो, परत येतो, समोरच्या भिंतीवर आपटतो. गिलाव्याची भिंत दर खेपेला त्याच्या ऊर्जेतला शेकडा दोन-तीन भाग खाते, बाकीचा परत पाठवते. मोबाईल मग गाणं एकदाच ऐकत नाही. थोड्या थोड्या उशिरानं आलेल्या त्याच्या शेकडो प्रती एकावर एक रचून ऐकतो. आपण खोलीत बसलेलो असताना दोन कानांच्या मदतीनं मेंदू ही गर्दी बरीचशी बाजूला सारतो, म्हणून गाताना काही वाटत नाही आणि रेकॉर्डिंग ऐकलं की आपण विहिरीत बसून गायलो की काय, असं वाटतं.

या घुमण्याचं गणित पहिल्यांदा मांडलं वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकानं. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठानं नव्या फॉग व्याख्यानगृहाची तक्रार त्याच्या गळ्यात टाकली. तिथं उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, म्हणजे वक्ता वाक्य संपवायचा तरी त्याचा पहिला शब्द अजून फिरतच असायचा. सॅबिननं शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती बंद करायची, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतची वेळ मोजायची आणि आणखी काही गाद्या आत आणायच्या. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी परत. सगळ्या गाद्या भरल्यावर साडेपाच सेकंदांचे सव्वा सेकंदाच्या आसपास झाले. या गाद्यांच्या ने-आणीतून जे सूत्र निघालं, ते आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, 0.161 नं गुणायचं आणि खोलीत आवाज शोषणारं जे काही आहे त्याच्या बेरजेनं भागायचं. येतं ते उत्तर म्हणजे घुमण्याचे सेकंद.

आम्ही ते तिथंच, पेटीच्या झाकणावर कागद ठेवून मांडलं. दहा बाय बाराची, दहा फूट उंच, पूर्ण रिकामी खोली: घनफळ साधारण 34 घनमीटर, भिंती-फरशी-छत मिळून 63 चौरस मीटर. उत्तर तीन सेकंदांच्या जवळ आलं. देवळाच्या गाभाऱ्याला हे शोभतं, रेकॉर्डिंगला नाही. त्याच खोलीत भिंतीपासून वीतभर सोडून चार जाड गोधड्या टांगल्या तर? पाऊण सेकंद. भाच्यानं कागदाकडं पाहिलं, मग आजीच्या पेटाऱ्याकडं. त्याला सांगितलं, की माईकचा विचार आत्ताच सोडून दे. कितीही महाग माईक आणला तरी तो खोली ऐकणारच, उलट जास्त बारकाईनं ऐकेल.

गोधडी आवाज खाते म्हणजे काय करते? ध्वनी ही हवेची ये-जा. हवा धाग्यांच्या दाटीतून पुढं-मागं करते तेव्हा धाग्यांशी घासते आणि त्या घर्षणात ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. ती इतकी अल्प की गोधडीला पत्ताही लागत नाही. कापसाचा ढीग म्हणजे अशा घर्षणाचं कोठारच. गोधडीची एक मर्यादा मात्र आहे. बारीक, वरचे सूर ती चांगले शोषते, खर्जापुढं तिचं काही चालत नाही. शंभर हर्ट्झच्या सुराची लांबी साडेतीन मीटर भरते. त्याला दोन बोटं जाडीची वाकळ म्हणजे बैलाला सुतळीची वेसण. आठ-दहा फूट जाडीचा कापूस तिथं खरा कामाला येतो, आणि म्हणूनच ती खोली गोधड्यांच्या खोलीपेक्षाही मुकी. फक्त तिथं उदबत्ती लावू नकोस, असं पोराला दोनदा सांगितलं.

सॅबिन रात्री काम करायचा, कारण दिवसा शहराचा गोंगाट. आपल्याकडंही तेच झालं. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला, देशातला पहिला बोलपट. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची म्हणून त्याचं चित्रण बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर उरकावं लागलं. पार्श्वगायन तेव्हा नव्हतं, ते 1935 मध्ये आलं. तोपर्यंत नटानं कॅमेऱ्यासमोरच गायचं आणि माईक व वाजवणारे कुठंतरी नजरेआड लपवायचे. हट्ट्यातही पिठाची गिरणी, ट्रॅक्टर आणि पंखा, तिन्ही थांबतात ते रात्री अकरानंतरच. पंख्याचं सांगायचं तर एक गंमत. आपली वीज सेकंदाला 50 वेळा पुढं-मागं होते आणि तिच्यावर चालणारी उपकरणं बऱ्याचदा 100 हर्ट्झवर गुणगुणतात. पेटीवरची पांढरी पाच मंद्रात 98 हर्ट्झच्या आसपास. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्याच्या सुराशी ही गुणगुण सेकंदाला दोन हेलकावे घेत भांडते आणि गाणाऱ्याला वाटतं, आपलाच सूर हलतोय.

दुसरं दुखणं जरा खोल निघालं. एकादशीचं भजन त्यानं मोबाईलवर घेतलं होतं. तेच मोबाईलवर लावून माझ्यासमोर धरलं. पेटी आहे, टाळ आहेत (नको तेवढे आहेत), बुवांचा आवाज अगदी बुवांसारखा आहे. पखवाजाची उजवी बाजूही टणटण येतेय.

"डावी गेलीच की हो! काहून?"

खरंच गेली होती. वाजवायला बसण्याआधी पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापतात, हे मंडळात बसलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. ओली कणीक कमी-जास्त करत, थाप मारून कान देत वादक डावी बाजू उतरवतो. यामागं साधी गोष्ट आहे: ओझं वाढलं की कातडं सावकाश हलतं आणि सूर खाली जातो. शिवाय मऊ कणीक वरची बारीक कंपनं दाबून टाकते, म्हणून तो भरीव, गोल घुमारा. उजव्या पुडीवरची काळी शाई मात्र वेगळं आणि जास्त अवघड काम करते. नुसतं ताणलेलं गोल कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून साधा ढोल कोणत्या सुरात आहे, हे धड सांगता येत नाही. मधोमध बसवलेल्या शाईमुळं हीच कंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी रांगेत येतात आणि कातड्याला तारेसारखा सूर मिळतो. ही गोष्ट 1920 साली सी. व्ही. रमण आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये मांडली. पुढं 1934 मध्ये रमण यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून तिच्या रेघोट्यांतून ही कंपनं दाखवली. नोबेल मिळाल्यावरही हा माणूस मृदंगाच्या पुडीशी बसला होता, याचं मला त्या नोबेलपेक्षा जास्त कौतुक वाटतं. शाई घोटणाऱ्या कारागिराला ते आधीपासून हाताला ठाऊक होतं, हेही खरं.

आता मोबाईलचा स्पीकर. त्याचा पडदा नखाएवढा. सूर एका सप्तकानं खाली आणायचा आणि तेवढाच मोठा ठेवायचा, तर पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. तीन सप्तकं खाली, 800 हर्ट्झवरून 100 वर आणायचं तर 64 पट. तेवढी जागा त्या पातळ डबीत नाहीच. तीन-चारशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ हात टेकतो. पखवाजाच्या डाव्या बाजूचं सगळं वैभव त्याच्या खाली, म्हणून ती गेली.

मग बुवा कसे राहिले? बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे मंद्रातला त्यांचा सा 139 हर्ट्झच्या आसपास. नियमानं तोही जायला हवा होता. गेलाही. स्पीकरमधून तो येतच नव्हता, तरी आम्ही दोघं तो ऐकत होतो. माणसाच्या गळ्यातून एका सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांची अख्खी दिंडी निघते: 278, 417, 556, 695. स्पीकरनं पुढचे दोन गिळले तरी मागचे सगळे दिले. त्यांच्यामधलं अंतर दर वेळी 139. मेंदू हे अंतर ओळखतो आणि हजर नसलेल्या पहिल्याची जागा स्वतः भरतो. जर्मनीत झेबेक या शास्त्रज्ञानं 1841 साली सायरनच्या चकत्या फिरवून हा प्रकार दाखवला, तेव्हा ओमनं (तोच, विजेच्या नियमाचा) त्याला खोडून काढलं. वाद शंभर वर्षं रेंगाळला, झेबेकचं म्हणणं टिकलं. जुन्या टेलिफोनवर 300 हर्ट्झच्या खालचं काही जायचंच नाही, तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा, तो याच आधारावर. पखवाजाच्या डाव्या बाजूकडे अशी दिंडी नाही, कणकेनं ती आधीच दाबलेली. मेंदूला धागाच मिळत नाही.

वायरचा हेडफोन लावून तेच रेकॉर्डिंग पोराला ऐकवलं. डावी बाजू जशीच्या तशी हजर. मोबाईलनं ती टिपली होती, त्याला ती सांगता येत नव्हती.

वायरचा का, हे तिसऱ्या दुखण्यात आहे. भाच्याकडं ब्लूटूथ स्पीकर आहे. त्यावर सिनेमा छान चालतो, पण मोबाईलमधली पेटी वाजवायला घेतली की सूर बोटाच्या मागून येतो. ब्लूटूथ आवाजाचे गठ्ठे बांधतं, दाबून लहान करतं, पाठवतं, पलीकडं थोडा साठा करून मग सोडतं. यात सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा सहज जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे सूर तिसरा हिस्सा मात्रेनं मागं. तसं कुणालाही वाजवता येणार नाही. सिनेमा मात्र जमतो, कारण तिथं मोबाईल चित्रालाच तेवढं थांबवून धरतो. बोटाला कोण थांबवणार?

हे ऐकत दाजी पलंगावर पडले होते, ते म्हणाले, "आमच्या सिनेमाच्या तंबूत पण कधी ओठ एकीकडं, आवाज एकीकडं व्हायचा. मग शिट्ट्या." बरोबर होतं. 35 मिलिमीटरच्या रिळात आवाज चित्राच्या कडेला एका नागमोडी पट्टीत छापलेला असायचा. चित्र दाखवायला रीळ सेकंदाला 24 वेळा झटक्यानं थांबवावं लागतं आणि आवाज वाचायला ते अजिबात न थांबता सरळ सरकावं लागतं. दोन्ही एकाच जागी शक्य नाही, म्हणून आवाज वाचणारा दिवा यंत्रात वेगळ्या जागी, आणि फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढं छापलेला. सव्वा फूट फिल्म, पाऊण सेकंदाहून जास्त वेळ. यंत्रचालकानं रीळ भरताना वेटोळं लहान-मोठं केलं की जुळणी बिघडायची आणि तंबूत शिट्ट्या सुरू व्हायच्या. आवाज थोडा मागं राहिला तर आपण चालवून घेतो. सेकंदाच्या आठव्या हिश्श्यापर्यंत उशीर सहसा कळतही नाही. पुढं गेला तर मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच खटकतो. रानात लांबवर कुणी कुऱ्हाड मारली की घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. तीच सवय डोळ्या-कानांना लागलेली.

घरी गाणं करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: माईकच्या दुकानात जाण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळी संपल्यावर शेपूट ऐकू आलं तर आधी गोधड्या काढा. रेकॉर्डिंग तपासायचं ते वायरच्या हेडफोनवर. टाळकऱ्यांना दहा पावलं मागं बसवा. अंतर दुप्पट केलं की मोकळ्यात त्यांचा जोर चौथाईवर येतो, आणि त्यांना वाईटही वाटत नाही.

कापूस फेब्रुवारीत विकला गेला. आता त्या खोलीत तीन गोधड्या आणि आजीची एक वाकळ टांगलेली आहे, आणि कोपऱ्यात भिंतींच्या जोरावर नको इतका घुमणारा पखवाज तीन फूट पुढं आलाय. माईक अजून घेतलेला नाही.