कंदील विझला तर उतरायचे नाही

सांगलीहून कृष्णेच्या काठाने थोडे पुढे गेले की हरिपूर लागते. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे गाव, एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. हळदीच्या व्यापाऱ्यांत मात्र ते ओळखले जाई पेवांसाठी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या पेवांची आठवण पुन्हा निघाली.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला अवाढव्य रांजणच. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. खाली पोट रुंद होत गेलेले. खोली वीस-पंचवीस फूट. इथली माती घट्ट, ओल आत न येऊ देणारी. आतून पाचट आणि चटयांचे अस्तर द्यायचे, हळद भरायची, तोंडावर फरशी बसवून वर माती ओढायची. मग कितीही महिने जावोत, हळदीला कीड लागत नसे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण भाषणांत सर्रास वापरतो. ज्याने खरे पेव पाहिले आहे असा वक्ता मला अजून भेटायचा आहे.

कीड न लागण्याचे कारण साधे आहे. कोंडलेल्या जागेत हळद आतला प्राणवायू हळूहळू वापरून टाकते आणि कर्बवायू मागे उरतो. तिथे किडा जगत नाही. अर्थात माणूसही जगत नाही. ज्या गुणामुळे हळद टिकते त्याच गुणामुळे ती काढायला उतरणारा हमाल जिवाला मुकू शकतो. म्हणून पेव उघडले की लगेच कोणी आत जात नसे. काही तास तोंड उघडे ठेवायचे. मग पेटता कंदील दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचे नाही. जळत राहिला तरच हमाल पाय खाली टाकणार. २००५ च्या महापुरात बहुसंख्य पेवांत पाणी शिरले, माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला, आणि या रिवाजाची गरजही ओसरत गेली.

ही केवळ हवा तपासण्याची युक्ती होती असे समजले, तर तिच्यातली निम्मी गोष्ट निसटते. पेवाच्या तोंडाशी कोण कोण उभे असे ते डोळ्यांपुढे आणा. व्यापारी असे किंवा त्याचा दिवाणजी असे. भरायला आलेली गाडी खोळंबलेली असे. मुकादमाला दुसऱ्या कामावर जायचे असे. आणि उतरणारा हमाल या सगळ्यांत पोटाने सर्वात कमकुवत. काम झाले तर मजुरी. अशा माणसाने ‘मी उतरत नाही’ म्हणायचे तर त्याला केवढे धैर्य हवे! कंदिलाने त्याचे हे ओझे आपल्या अंगावर घेतले होते. ‘नाही’ कंदील म्हणत असे. हमालाला ‘भितोस काय रे?’ असे विचारता येते. व्यापाऱ्याने ओरडायचे कुणावर, कंदिलावर? मला वाटते, त्या काजळलेल्या काचेची खरी किंमत ही होती.

कारखान्यांतल्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे लोक ‘मानवी घटक’ असा शब्द वापरतात. यंत्र, वायू, वीज यांच्याइतकेच माणसाचे थकणे, घाई, लाज, सवय, वरिष्ठांचा धाक यांचाही हिशेब करावा लागतो, असा त्याचा अर्थ. शब्द जड आहे, पण घरातल्या कोणालाही कळेल असा विषय आहे.

आता पेव सोडून आजच्या बंदिस्त जागांकडे येऊ. साखर कारखान्यातली मळीची टाकी, डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा हौद, गोबर गॅसचा खड्डा, शहरातला ड्रेनेजचा चेंबर. फार कशाला, शेतातली विहीर. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवले की त्याचा विषारी धूर आतच कोंडतो. अशा ठिकाणी पहिला माणूस कोसळतो आणि वरून पाहणारा दुसरा क्षणाचाही विचार न करता उडी घेतो. त्याच्यामागे तिसरा. पुष्कळदा ते भाऊ-भाऊ असतात, बाप-लेक असतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ साली सांगितले होते की, बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली होती. यांना निष्काळजी कसे म्हणायचे? ती माया असते. पण मायेला हवेतला प्राणवायू किती ते कळत नाही. नेहमी तो सुमारे २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात, आणि १० च्या खाली माणसाला ‘मला चक्कर येते आहे’ असे म्हणायलाही अवधी मिळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हरिपूरचा कंदील हळदीच्या पेवापुरताच. गोबर गॅसच्या किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात ज्वाला सोडली तर मिथेनचा भडका उडेल. आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड दिवा न विझवताही माणूस मारतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो बधिर करतो. ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ असे वाटते ते नेमके तेव्हाच. तिथे वायुमापक यंत्र हवे, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा, कमरेला दोरी हवी आणि दोरीचे दुसरे टोक धरून वर उभा राहणारा, काहीही झाले तरी आत न उतरणारा माणूस हवा.

हे सारे आपल्या कायद्याला फार पूर्वी कळले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमाने हेच बजावले: जाणकाराने तपासून लेखी दाखला दिल्याखेरीज, नाहीतर श्वसनाचे साधन आणि दोरीचा पट्टा असल्याखेरीज, कोणी टाकीत किंवा खड्ड्यात शिरू नये. म्हणजे हरिपूरचाच नियम. कंदिलाच्या जागी दाखला आला. फरक एवढाच की दाखल्याला विझता येत नाही. त्यावर सकाळीच सही करून ठेवता येते. आठवड्याभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीत झालेल्या मी पाहिल्या आहेत. कारखान्याचे नाव घेत नाही. तिथला सुरक्षा अधिकारी सज्जन होता, आणि त्याला तीन अधिकाऱ्यांचे काम एकट्याने उरकायचे होते.

अपघातानंतर आपल्याकडे पहिला शब्द येतो तो ‘हलगर्जीपणा’. तोही बहुतेक वेळा मेलेल्याचा. पट्टा बांधला नव्हता, टोपी घातली नव्हती, सांगितलेले ऐकले नाही. हे खरेही असते. पण मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० साली ‘ह्यूमन एरर’ या पुस्तकात जो मुद्दा मांडला तो आपण विसरतो: शेवटच्या माणसाची चूक दिसते, कारण ती शेवटची असते. त्याआधीच्या चुका महिनोन्महिने कागदांत, अंदाजपत्रकांत आणि ठरावांत निवांत पडून असतात. पट्टा बांधला नव्हता, ठीक. पण भांडारात पट्टा होता का? असला तर तो बांधून आठ तासांचे काम आठ तासांत होत होते का? आणि न बांधता लवकर काम उरकणाऱ्याला ‘वाघ आहे’ म्हणून पाठीवर थाप कोणी दिली होती?

ही थाप म्हणजेच त्या ठिकाणची संस्कृती. भिंतीवरचे फलक काय म्हणतात त्याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. ४ मार्च हा आपला राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात शपथा होतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, आणि होऊ देत. पण प्रवेशद्वारावरच्या ‘अपघाताविना इतके दिवस’ या फलकाचे मला नेहमी भय वाटते. आकडा मोठा झाला की तो मोडण्याची हिंमत कोणाला होत नाही. मग बोट चेमटलेला माणूस मागच्या दाराने दवाखान्यात जातो आणि नोंदवहीत तो रजेवर असतो.

आमच्या सातारा-सांगलीकडे तर वरच्याला नावाने हाक मारायची पद्धत नाही. साहेब, दादा, अण्णा, आबा. हा मान गोड आहे आणि तो जावा असे मी म्हणणार नाही. पण ‘आबा, थांबा, हे चुकतंय’ हे वाक्य जिभेवर यायला त्यामुळे उशीर होतो, हेही खरे. केवळ आपल्याकडेच असे आहे असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमाने धडकली आणि ५८३ माणसे गेली. धावत सुटलेल्या डच विमानाचा कप्तान कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, जाहिरातींत झळकणारा. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या इंजिनिअरने विचारून पाहिली. कप्तानाने ठासून ‘झाले’ म्हटले. इंजिनिअर गप्प बसला. त्यानंतरच्या काळात वैमानिकांच्या शिक्षणात दोन नवे धडे आले: कनिष्ठाने बोलावे कसे, आणि त्याहून अवघड, ज्येष्ठाने ऐकावे कसे.

भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली, आपल्याही कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि समोर धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या कानी घालण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हक्क मिळाला, पण उद्या हजेरीपटावर नाव राहील का याची हमी कायदा कशी देणार? ती फक्त वरचा माणूस देऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी कडेगाव तालुक्यातल्या शाळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका खत कारखान्यात वायू पसरला. तिघे गेले: कामावर आलेल्या दोन बायका आणि एक पहारेकरी. बाधितांना उपचारासाठी कराडला हलवावे लागले. त्या अपघाताच्या कारणांविषयी मी तर्क करणार नाही. मला अडते ते एवढ्यावरच की गेलेल्यांत साहेब म्हणवून घेणारा कोणी नव्हता. रोजावर येणाऱ्या बाया आणि दारावरचा शिपाई, म्हणजे ज्यांना कोणी बैठकीला बोलावत नाही अशी माणसे होती.

वरच्या माणसाने हमी दिली म्हणजे काय होते, ते मी एका लहानशा फाउंड्रीत पाहिले. पावसाळ्याचे दिवस. भट्टीत रस तयार होत होता. भट्टीत टाकायचे भंगार उघड्यावर भिजले होते. वितळलेल्या लोखंडात ओले भंगार पडले की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस तोफेसारखा उडतो. जुन्या कारागिरांना हे ठाऊक असते, पण ‘थोडं ओलं आहे, चालतंय’ हेही त्यांनीच म्हणायचे असते. कामावर येऊन महिनाही न झालेल्या एका पोराने हात आडवा घातला. काम थांबले, साचे खोळंबले, मालक केबिनमधून खाली आले. सगळे पोराकडे पाहत होते. मालकांनी भंगारात हात घातला, तो ओला झाला, तो त्यांनी सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, “चहा सांगा रे सगळ्यांना. आणि याचं नाव काय?” त्या पाळीचे नुकसान बरेच झाले असणार. पण दुसऱ्या दिवशी भंगारावर पत्र्याची शेड घालायला माणसे आली, आणि त्यानंतर तिथले लोक मालकांना बारीकसारीक गोष्टीही सांगू लागले: साखळीचा कडा झिजलाय, अमक्या स्विचला झटका बसतो. दहा व्याख्यानांनी न झालेले काम त्या चहाने केले.

चार भिंतींच्या आतल्या कारखान्यापेक्षा मोठा एक कारखाना दरवर्षी आमच्या रस्त्यांवर चालतो, आणि त्याला कोणी कारखाना म्हणत नाही. ऊस हंगाम सुरू झाला की साताऱ्यात भुईंज-रेठऱ्याच्या आणि सांगलीत वाळवा-कुंडलच्या वाटांवर रात्रभर ट्रॅक्टर धावतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस चाकांबाहेर लोंबलेला. चालवणाऱ्याला टनावर आणि खेपेवर पैसे. वजनकाट्यापुढे नंबर लागेपर्यंत चार-सहा तास ताटकळायचे, मग पुन्हा फडाकडे. जागे राहण्यासाठी तो टेप मोठ्याने लावतो. मग मागून येणाऱ्याचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. ट्रॉलीचे चाक फुटले तर रस्त्याच्या कडेला दगड लावून ती अंधारात उभी. मोटारसायकलवरून घरी येणारा पोरगा तिच्यावर आदळतो आणि बातमीत ‘उभ्या ट्रॉलीला धडक’ एवढेच येते. दोष द्यायचा झाला तर ड्रायव्हरला देता येतो, पोरालाही देता येतो. खेपेचा दर ठरवणाऱ्या बैठकीचा उल्लेख कोणत्याही पंचनाम्यात नसतो.

तरी काही कारखान्यांच्या फाटकावर आता मोळी टाकायच्या आधी ट्रॉलीची मागची बाजू पाहतात. रिफ्लेक्टर नसेल तर आधी तो लावायचा, मग काटा. रांगेतला ड्रायव्हर कुरकुरतो, पण वाद घालत नाही. नियम त्याच्या एकट्यासाठी नाही, पुढच्यालाही तोच होता हे त्याने पाहिलेले असते. अशा एका रांगेत गेल्या हंगामात मी उभा होतो. लाल पट्ट्या चिकटवणाऱ्या पोराकडे एक बीडचा गाडीवान आला. त्याच्या बैलगाडीला पट्टी लावून झाली होती. त्याने आणखी दोन मागितल्या. कशाला, असे पोराने विचारले, तर तो म्हणाला, “बैलांच्या शिंगांना. समोरूनबी येत्यात की गाड्या.”