‘पहाट झाली’ असे सांगणारे कोणी तरी हवे

रमजानमध्ये सहेरी कधी थांबवायची, हे आज मोबाइल सांगतो, वेळापत्रकाचा कागद सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेत हे काम दोन अजानींवर चाले. पहिली अजान हजरत बिलाल देत. ती रात्र शिल्लक असतानाच होई. खाणेपिणे थांबवायचे ते दुसऱ्या अजानीला. ही दुसरी अजान देणारे हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम अंध होते. ज्यांना उजाडलेले दिसत नव्हते, त्यांच्या आवाजावर साऱ्या शहराचा रोजा सुरू होई. हे कसे जमत असे? हदीसमध्ये त्याचेही उत्तर आहे. लोक येऊन त्यांना सांगत की पहाट झाली. मग ते अजान देत.

या तपशिलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अंध माणसावर जबाबदारी सोपवणे ही अर्धी गोष्ट झाली. त्याला वेळेवर येऊन सांगणारी माणसे असणे, ही उरलेली अर्धी. दिव्यांग मुलांच्या बाबतीत आज आपल्याकडे ही दुसरी अर्धीच कमी पडते. कायदे आहेत, योजना आहेत. दारापर्यंत येऊन सांगणारे थोडे आहेत.

पालघर जिल्ह्याच्या टोकाला, तलासरी तालुक्यात, समुद्रकाठी झाई हे गाव आहे. खाडी, होड्या आणि सुकत घातलेली मासळी. पलीकडे गुजरातचे उंबरगाव. तहसील कार्यालय तलासरीला, जिल्ह्याची कार्यालये पालघरला. समजा, इथल्या एखाद्या घरात तीन वर्षांचे मूल अजून चालत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. वडील बोटीवर, आई मासळीच्या कामात. आजी म्हणते, काही मुले उशिराच बोलतात. अशीच दोन वर्षे निघून जातात, आणि नेमकी हीच वर्षे उपचाराला सर्वांत मोलाची असतात.

या घरासाठी काय सोय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करतात. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी ते पाहतात. दोष आढळला तर मोफत उपचारासाठी पुढे पाठवतात. अडचण एवढीच, की लाजेपोटी किंवा काळजीपोटी घरात ठेवलेले मूल त्या दिवशी अंगणवाडीत नसते. ज्याची तपासणी सर्वांत गरजेची, तेच पथकाच्या नजरेतून सुटते. अशा वेळी शेजारणीने आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला एक शब्द सांगितला, तर मुलाची दोन वर्षे वाचू शकतात.

पुढची पायरी प्रमाणपत्राची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ केले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसिमिया, सिकलसेल हे सारे त्यात आले. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात, म्हणून ही नोंद या भागाला महत्त्वाची. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. यूडीआयडी कार्ड देशभर चालते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मात्र राज्याचे असते. त्याला महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा लागतो. सीमेवरच्या गावात, जिथे उपचार पलीकडे आणि घर अलीकडे असू शकते, तिथे कागद आधीपासून नीट ठेवलेले बरे. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा हिशोब विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.

आणि शाळा? झाईच्या शेजारच्या बोर्डीत १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हा विचार इथल्या आदिवासी पाड्यांत रुजला. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, त्यामागे हीच माती आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे त्याची चौकशी करता येते. बोर्डीतला विचार सुमारे सात दशकांनी कायद्यात उतरला, असेच म्हणायला हवे.

आता सर्वांत अवघड गोष्ट, मुलांच्या सुरक्षिततेची. स्वमग्न मुलांना अनेकदा पाण्याची ओढ असते आणि ती नकळत घराबाहेर पडतात. समुद्रकाठच्या गावात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इफ्तारच्या वेळी साऱ्या घराचे लक्ष दस्तरखानावर असते. दार उघडे राहते. त्या दहा मिनिटांसाठी मुलाजवळ थांबायचे काम घरातल्या एकाने ठरवून घ्यावे. त्याची खजूर थोडी उशिरा झाली, तरी काही बिघडत नाही.

दुसरा धोका माणसांचा आहे. जे मूल बोलू शकत नाही, त्याच्यावर अत्याचार करणाऱ्याला वाटते की हे कोणाला सांगणार नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला बलात्कार अधिक गंभीर गुन्हा मानतो. जबाब मुलाच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची भाषा समजण्यासाठी विशेष शिक्षकाची मदत घेता येते. गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. तेव्हा ‘घरची अब्रू’ हे कारण कायद्यात बसत नाही, आणि दीनमध्येही बसत नाही. न बोलणारे मूल वागण्यातून सांगते. एखाद्या माणसाला पाहून ते आक्रसते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आंघोळीला घाबरते. अशी खूण दिसली तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. जकातीच्या आठ हक्कदारांत गरीब आणि गरजू सर्वांत आधी येतात. सदका तर कोणाही गरजूला देता येतो. तिथे धर्म विचारला जात नाही. पण दिव्यांग मुलाच्या आईला पैशाइतकीच गरज असते ती सोबतीची. वैद्यकीय मंडळाच्या दिवशी मुलाला उचलून गाडीत बसवणारा हात हवा, अर्ज भरून देणारा शिकलेला मुलगा हवा, तिची दुसरी मुले दिवसभर सांभाळणारी शेजारीण हवी. एक दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परतलेली आई पुन्हा त्या कार्यालयात जात नाही, आणि योजना कागदावर राहते.

मशिदीतही थोडी जागा करता येईल. तरावीहच्या वेळी एखादे मूल मध्येच ओरडले, तर मागे वळून त्याच्या वडिलांकडे रागाने पाहू नये. कुरआनच्या ८० व्या सूरहची, ‘अबसा’ची सुरुवात इब्ने उम्मे मक्तूम यांच्याच प्रसंगाने होते. बड्या लोकांशी बोलणे चालू असतानाही, शिकायला आलेल्या अंध माणसाकडे पाठ फिरू नये, अशी जाणीव अल्लाहने तिथे दिली आहे.

वाचकहो, उद्या सहेरीला उठाल तेव्हा आपल्या गल्लीतले, पाड्यावरचे असे एक घर आठवा. ईदच्या आधी एकदा त्या घरी जा आणि विचारा, कार्ड निघाले का, तपासणी झाली का, सोबत येऊ का? पहाट झाली, एवढेच तर सांगायचे आहे.