राज्यसत्ता आणि सुनावणीचा हक्क

सरकारचे हेतु बहुधा चांगलेच सांगितले जातात. धरण असो, बंदर असो वा कारखाना असो, लोकहिताचें नांव घेतल्याखेरीज कोणतेंहि काम हातीं घेतलें जात नाहीं. म्हणून राज्यसत्ता न्यायानें वागते कीं नाहीं, याची पारख हेतूवरून करून भागत नाहीं. ज्या मनुष्यावर ती सत्ता चालणार, त्याचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें काय, आणि सर्व कांहीं ठरलेल्या रीतीनें व ठरलेल्या मुदतींत झालें काय, हे प्रश्न विचारावे लागतात.

ही कल्पना फार जुनी आहे. देशाच्या कायद्यावांचून कोणाहि स्वतंत्र मनुष्यास कैद करावयाचें नाहीं किंवा त्याची जमीन हिरावून घ्यावयाची नाहीं, असें इंग्लंडच्या राजानें १२१५ च्या सनदेंत मान्य केलें. १३५४ च्या कायद्यानें त्यांत भर घातली, ती अशी कीं, रीतसर बोलावून जाब देण्याची संधि दिल्याखेरीज कोणासहि, मग त्याचा दर्जा कांहींहि असो, त्याच्या जमिनींतून घालवितां येणार नाहीं. भारतांत मालमत्तेचा हक्क आज मूलभूत राहिलेला नाहीं. तरी कायद्याच्या अधिकारावांचून कोणाची मालमत्ता घेतां येत नाहीं, असें घटनेचें कलम ३००-अ सांगतें.

या तत्त्वाची किंमत रायगडच्या किनाऱ्यावर चांगली कळून आली. पेण व अलिबाग या तालुक्यांच्या खारेपाटांतील भातशेती म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली भूमि. बांध फुटला कीं खारें पाणी शेतांत शिरतें आणि पीक जातें. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या संभाळावा लागतो. अशी जमीन एकदां गेली म्हणजे नुसत्या पैशानें तिची भरपाई होत नाहीं.

जमीन घेण्याचा जुना कायदा १८९४ चा. सरकारनें प्राथमिक अधिसूचना काढावी, मग घोषणा करावी, शेवटीं मोबदल्याचा निवाडा द्यावा, असा त्याचा क्रम होता. मूळ कायद्यांत मालकाला किंमतीविषयीं भांडतां येई. जमीन घ्यावीच कां, असें विचारण्याची सोय नव्हती. १९२३ सालीं कलम ५-अ आलें. त्यानें तीस दिवसांत हरकत घेण्याचा आणि कलेक्टरपुढें स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणें मांडण्याचा हक्क दिला. १९८४ सालीं कलम ११-अ आलें. त्याप्रमाणें घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाहीं, तर सारी कारवाई रद्द होई.

जमीन गेल्यानंतर चाललेलें भांडण किती महाग पडतें, हें याच किनाऱ्यानें पाहिलें आहे. नव्या मुंबईसाठीं १९७० पासून ठाणें, पनवेल व उरण भागांतील जमिनी घेण्यांत आल्या. मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन झालें, आणि जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

२००६ च्या सुमारास पेण, उरण व पनवेल या तालुक्यांतील सुमारें ४५ गांवांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं घेण्याचें ठरलें. हें क्षेत्र एक खासगी कंपनी उभारणार होती. शेतकऱ्यांनीं हरकती नोंदविल्या, एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारनें मतदान घेतलें. मत देण्यास आलेल्यांपैकीं बहुतेकांनीं विरोध दर्शविला. या मतदानाला त्या कायद्यांत आधार नव्हता, त्यामुळें त्याचा कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. दोन वर्षांची मुदत मात्र बंधनकारक होती. ती २००९ सालीं निवाड्याविनाच उलटली आणि संपादन बारगळलें. लोकांच्या विरोधानें सरकारचा हात थांबला. परंतु त्या थांबण्याला कायम फळ आलें तें कायद्यांतील मुदतीमुळें.

या रक्षणाला मर्यादाहि होत्या. हरकतीवर शेवटचा निर्णय सरकारचाच असे, आणि कलम १७ खालीं निकड दाखवून सुनावणीच टाळतां येई. म्हणूनच न्यायालयांना वारंवार मध्यें पडावें लागलें. ५-अ खालील हक्क मूलभूत हक्कासारखाच आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं म्हटलें. १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें खासगी कंपनीसाठीं जमीन घेतांना बाधित कुटुंबांपैकीं ऐशीं टक्क्यांची संमति आवश्यक केली आणि निवाड्याची मुदत सामान्यतः एक वर्षावर आणली.

सुनावणी म्हणजे कामाला लागणारा विलंब, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. विलंब होतो हें खरें. परंतु धनवंताला सरकारदरबारीं आपलें म्हणणें पोंचविण्याचे दुसरे पुष्कळ मार्ग असतात. दोन एकर खाचराच्या मालकाला मात्र नोटीस, हरकत आणि मुदत एवढींच साधनें असतात, आणि तीं वापरल्यावर सरकारला त्याला उत्तर द्यावें लागतें.