चिठ्ठीतला वाटा

लिंबायतहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. खानदेशातून सुरतेस येऊन उभी हयात यंत्रमागावर काढलेल्या त्यांच्या वडिलांना २०२० च्या जूनमध्ये कोरोनाने गाठले, प्राणवायू लावावा लागला, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी कुटुंबापुढे एक कागद ठेवला : बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील प्लाझ्मा देऊन पाहण्याची चाचणी चालू आहे, तीत सामील व्हाल काय? घरच्यांनी तत्काळ होकार दिला. परंतु प्लाझ्मा मिळेलच असे नाही, कोणाला द्यावयाचा व कोणाला नाही हे चिठ्ठीवर ठरणार, असे कळताच तो होकार त्यांनी मागे घेतला. वडील यथावकाश बरे होऊन घरी आले. पण ज्यांनी त्या चिठ्ठीला मान्यता दिली ते अडाणी होते की आम्ही स्वार्थी ठरलो, हा प्रश्न अद्याप मनातून जात नाही, असे त्या लिहितात.

ती चाचणी म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची ‘प्लॅसिड’. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या अवधीत देशातील ३९ रुग्णालयांत ती चालली आणि सुरतही त्या यादीत होते. एकंदर ४६४ रुग्णांनी संमती दिली. पैकी २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत २०० मिलिलिटर प्लाझ्मा चोवीस तासांच्या अंतराने दोनदा देण्याचे ठरले, आणि २२९ जणांच्या वाट्याला केवळ नेहमीचे उपचार आले. मला आज लिहावयाचे आहे ते या २२९ जणांविषयी.

सुरतेच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. रंगाचा नवा नमुना आला म्हणजे जाणता कारागीर तो लगेच साऱ्या मालावर चढवीत नाही. तो एकाच ताग्याचे दोन तुकडे फाडतो, एकाला नवा रंग देतो, दुसऱ्याला जुना, दोन्ही एकाच पाण्यात धुतो आणि एकाच उन्हात वाळवतो. दोन निराळ्या ताग्यांवर दोन रंग चढवून पाहिले, तर उठाव रंगामुळे आला की सुताच्या जातीमुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. ज्या तुकड्यावर नवा रंग चढलाच नाही, त्याच्याच साक्षीवर नव्या रंगाचा निवाडा होतो. माणसांच्या बाबतीत पंचाईत अशी की एका माणसाचे दोन तुकडे करता येत नाहीत. म्हणून जमतील तितकी सारखी माणसे शोधावी लागतात.

ही युक्ती माणसांवर फार सुंदर रीतीने वापरली गेली ती इथून जवळच, गायकवाड सरकारच्या अंमलातील एका खेड्यात. बडोद्यालगतचे उंडेरा हे तेव्हा हजारभर वस्तीचे गाव. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेगाने पाय रोवले होते. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगाची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन या गावी आले. त्यांच्यापुढे पेच होता तो असा : लस घेण्यास पुढे येतात ती माणसे बहुधा शहाणी, सावध, स्वच्छ घरांत राहणारी, मग ती वाचली तर लशीने वाचली की आपल्या राहणीने? तेव्हा उंडेऱ्यात त्यांनी गावाची विभागणी केलीच नाही. त्यांनी घराची विभागणी केली. यादीबरहुकूम एकेक कुटुंब पुढे बोलावण्यात आले आणि पुरुष, स्त्रिया व मुले यांचा शक्य तितका समतोल राखून प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच. एका भावाच्या दंडाला सुई लागली आणि दुसऱ्याच्या लागली नाही, एवढाच काय तो फरक. घर हाच येथे ताग्याचा तुकडा झाला. प्रयोगाच्या या रचनेतील बुद्धिवैभव मला आजही थक्क करते.

पुढे प्लेग २८ घरांत शिरला. त्या घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली. लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ दगावली. हे आकडे लिहिताना हात अडखळतो. लशीची थोरवी ज्या २६ प्रेतांनी सिद्ध केली, ती त्याच अंगणात लस घेतलेल्यांच्या शेजारी उभी राहिलेली माणसे होती. मुंबईत परळ येथे असलेल्या, हाफकिन यांनीच स्थापलेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले आणि ते यथायोग्यच झाले; परंतु उंडेऱ्याचे नाव शालेय पुस्तकांत माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही, हे मला खटकते.

त्या रयतेची संमती आजच्या अर्थाने घेतली होती, असे म्हणता येणार नाही. दरबारचा अंमलदार गावात येऊन उभा राहिला म्हणजे नकाराला फारशी जागा उरत नसे. आणि त्यापूर्वी भायखळ्याच्या तुरुंगात ज्या कैद्यांनी ‘स्वखुशीने’ लस घेतली, त्यांच्या स्वखुशीचे मोल काय करावे, हाही प्रश्नच आहे. इंग्लंडात १९४८ साली ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी विख्यात चाचणी प्रसिद्ध झाली, तीत दोन्ही गट सारखे राहावेत म्हणून निवड प्रथमच काटेकोरपणे चिठ्ठीवर, बंद पाकिटांतून झाली. परंतु ज्यांना औषध मिळाले नाही त्या रुग्णांना आपण एखाद्या चाचणीत आहोत याचा पत्ताही नव्हता. प्लॅसिडमधील २२९ जणांचे निराळेपण इथे आहे. त्यांना सारे अगोदर सांगितले होते, आणि तरीही त्यांनी सही केली.

आता त्या सहीने काय साधले ते पाहावे. अठ्ठावीस दिवसांच्या अंती, आजार बळावला अथवा मृत्यू आला असे रुग्ण प्लाझ्मा घेतलेल्यांत ४४ निघाले, म्हणजे शेकडा १९. न घेतलेल्यांत ४१, म्हणजे शेकडा १८. प्लाझ्माने काही साधले नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेत ऑगस्ट २०२० पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्णांना प्लाझ्मा देऊन झाला होता. परंतु चिठ्ठी नव्हती, दुसरा तुकडा नव्हता, आणि म्हणून एवढ्या अफाट संख्येतून प्लाझ्मा उपयोगी की निरुपयोगी याचा निर्णायक जबाब निघू शकला नाही. तो आपल्याकडच्या ४६४ रुग्णांनी दिला. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने पुढे अकरा हजारांवर रुग्णांच्या आधारे त्यालाच दुजोरा दिला. त्याच ‘रिकव्हरी’ने चिठ्ठीच्याच मार्गाने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या आणि अतिशय स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हेही दाखवून दिले. पत्रलेखिकेच्या वडिलांना ते औषध मिळाले असल्यास, ते कोणा अनोळखी माणसाने पत्करलेल्या चिठ्ठीतून आले होते.

इतके होऊनही २०२१ च्या एप्रिलात आपल्या शहरांतून काय दृश्य होते? प्लाझ्मासाठी रात्री-अपरात्री फोन, दात्यांचा शोध, नातेवाइकांची वणवण. निष्कर्ष प्रसिद्ध होऊन सहा महिने उलटले होते. त्या धावपळीत ज्यांनी आपले रक्तद्रव दिले त्यांच्या औदार्याला मी कमी लेखत नाही. पण जे निरुपयोगी ठरले आहे ते मिळावे म्हणून मरणासन्नाच्या मुलाला गावभर हिंडवणे ही क्रूरता होती, आणि तिचा दोष मुलाकडे नव्हे, तर ते लिहून देणाऱ्या लेखणीकडे जातो. १७ मे २०२१ रोजी सरकारी उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

नकार देणाऱ्यांना अडाणी ठरवण्याची घाई मात्र कोणी करू नये. सुरत हे तेच शहर आहे जेथून १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगाची बातमी फुटताच लाखो माणसे मिळेल त्या गाडीने बाहेर पडली आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. भीती माणसाला एक तर पळवते, नाही तर हाती लागेल ते औषध गिळायला लावते. ‘चिठ्ठी निघेपर्यंत थांबतो’ असे म्हणण्यास मनाची निराळीच स्थिरता लागते, आणि ती विश्वासाखेरीज येत नाही. तो विश्वास अनेकदा मोडला गेला आहे. २००९ साली बडोदा जिल्ह्यात व आंध्रातील खम्मम येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात खम्ममच्या वसतिगृहांतील कित्येक मुलींची संमतिपत्रे पालकांऐवजी अधीक्षकांच्या सहीने भरली गेली होती, आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लशीत दोष नव्हता, कागदात होता. आईबापांना मात्र लस आणि कागद यांत भेद करता येत नाही, आणि तो त्यांनी का करावा?

म्हणून, भगिनी, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : तुम्ही स्वार्थी नव्हता. नकार देणे हा तुमचा कायदेशीर अधिकार होता आणि तो वापरल्याने वडिलांच्या नेहमीच्या उपचारांत तसूभरही उणे येता कामा नये, असाच नियम आहे. पण ज्यांनी होकार दिला तेही अडाणी नव्हते. ज्यांना प्लाझ्मा मिळाला व ज्यांना मिळाला नाही, त्या दोघांनीही चाचणीला सारखेच दिले.

पुन्हा कधी असा कागद पुढे आला, तर सही करण्यापूर्वी तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. लिंबायत-उधन्याच्या मराठी घरांत गुजराती बोलली जाते, परंतु वाचता सर्वांनाच येते असे नाही, आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती देणे हे चाचणी घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. केव्हाही बाहेर पडता येईल काय, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देईल, हे विचारा. औषधचाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या सरकारी नियमावलीत दोहोंची तरतूद आहे. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. देशातील चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून कोणासही पाहण्यास खुली आहे.