तळटिपेतले कलम

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की वाटेत मोताळा लागते. तालुक्याचे गाव, कापसाचा मुलूख. समजा, तिथल्या एखाद्या तरुणाने कापसाच्या भावावर चिडून मोबाइलवर चार तिखट ओळी लिहिल्या आणि त्या कुणा बड्या माणसाला झोंबल्या. तर त्याला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल काय?

हसू नका, वाचकहो. पालघरला असेच घडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबईचे व्यवहार बंद राहिले, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर नापसंती लिहिली. तिच्या मैत्रिणीने त्याखाली नुसती पसंतीची खूण केली! दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत एक होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. मूळ कायदा २००० सालचा. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने त्यात शिरलेले. अतिशय आक्षेपार्ह मजकूर, किंवा त्रास नि गैरसोय व्हावी म्हणून धाडलेला खोटा मजकूर, यांना तीन वर्षांपर्यंत कैद. आता त्रास कशाला म्हणावे? आमच्या घरात दोन माणसांचे यावर एकमत होत नाही. मग फौजदाराने ते कसे ठरवावे?

दिल्लीची श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी ते कलम समूळ रद्द केले. चर्चा करा, एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कारही करा. कायद्याने हात घालावा तो चिथावणीपाशी, असा निकालाचा आशय. संकेतस्थळावरील मजकूर रोखण्याचा सरकारचा अधिकार, कलम ६९-अ, मात्र शाबूत राहिला.

गंमत पुढेच आहे. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवीतच राहिले! जुलै २०२१ मध्ये हे कानी येताच न्यायमूर्ती थक्क झाले. ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी खुलासा केला, की छापील कायद्यात कलम जसेच्या तसे दिसते. ते रद्द झाल्याची नोंद असते खाली, तळटिपेत. म्हणजे माणसाची अब्रू आणि तुरुंग यांच्यामध्ये उभी काय, तर बारीक टाइपातली एक ओळ!

अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने बजावले, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. आणि कुठल्याही प्रकाशनात ते कलम उद्धृत झाले, तर ते रद्द झाल्याचे वाचकांना नीट कळवावे. तेव्हा आम्हीही ते तळटिपेत न टाकता इथेच, ठळकपणे कळवितो: कलम ६६-अ रद्द झाले आहे. मोताळ्याच्या त्या तरुणाने हे पान कापून खिशात ठेवावे.