धोक्याची घंटा आणि तिचे कुलूप

घराच्या रक्षणासाठी विजेचा उपयोग करण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील ऑगस्टस पोप याने १८५३ साली दारे-खिडक्यांना जोडलेल्या विद्युत्-घंटेचे पेटंट घेतले आणि पुढे एडविन होम्स याने ते हक्क विकत घेऊन तिचा प्रसार केला. त्या घंटेला स्मरणशक्ती नव्हती. आजच्या यंत्रणेला ती आहे आणि घरमालकापुढील पुष्कळशा अडचणी त्या स्मरणशक्तीतूनच उद्भवतात.

या यंत्रणेचे तीन मुख्य भाग असतात : दारे-खिडक्यांवरील संवेदक, भिंतीवरील कळफलक आणि तळघरात वा कपाटात बसवलेली नियंत्रण-पेटी. काही बिघडले की दोष कळफलकाला दिला जातो. वस्तुतः कळफलक हा केवळ दर्शनी भाग होय. निर्णय घेणारे मंडल आणि त्याचे स्मरण ही दोन्ही पेटीत असतात.

उदाहरणादाखल, उत्तर अमेरिकेतील अनेक घरांत आढळणारी डीएससी या मूळच्या कॅनडातील कंपनीची ‘पॉवर सिरीज’ यंत्रणा घेऊ. तिच्या फलकावरील बिघाडाचा दिवा लागला, तर प्रथम ताऱ्याची कळ व नंतर २ दाबावे. मग एक ते आठ यांपैकी काही आकडे उजळतात. २ हा आकडा घरगुती वीज पेटीपर्यंत पोहोचत नसल्याचे सांगतो. अशा वेळी रोहित्राची जोडणी निसटली आहे काय, हे आधी पाहावे. ३ दूरध्वनीची तार मिळत नसल्याचे दर्शवितो. घरातील जुना दूरध्वनी काढून टाकला, पण यंत्रणेला तसे कळवले नाही, तर हा दिवा विझत नाही. ८ म्हणजे घड्याळाची वेळ पुसली गेली आहे. १ हा आकडा दुरुस्तीची गरज सुचवितो. त्यामागे अनेकदा १२ व्होल्टची जीर्ण बॅटरी असते. ती साधारणतः तीन ते पाच वर्षांनी बदलावीच लागते. कळफलक अगदीच निर्जीव झाला असेल, तर त्याच्याकडे येणाऱ्या चार तारा तपासाव्यात. त्यांपैकी दोन वीज पुरवितात, तर दोन संदेश वाहतात.

येथवरचे दोष दूर होण्यासारखे आहेत. खरी अडचण सांकेतिक क्रमांकांची आहे. मालकाच्या क्रमांकाने यंत्रणा सुरू वा बंद करता येते. तिची रचना बदलण्याचा अधिकार मात्र तंत्रज्ञाच्या क्रमांकाला असतो. चुकीचा क्रमांक वारंवार दाबल्यास फलक काही मिनिटे मुका होईल, अशी योजना करता येते. हे कुलूप तात्पुरते असते. ‘इन्स्टॉलर लॉकआउट’ नावाचे कुलूप याहून निराळे आहे. ते नसेल, तर तंत्रज्ञ पेटी उघडून तिला कारखान्यातील मूळ स्थितीत आणू शकतो. ते लावलेले असेल, तर हा मार्ग बंद होतो आणि जुना क्रमांक जाणणाऱ्यालाच आत प्रवेश मिळतो.

या योजनेमागे कारण आहे. पेटीपर्यंत पोहोचलेल्या परक्या माणसाला तिचे स्मरण पुसता येऊ नये, हे उघडच इष्ट होय. परंतु त्याच कुलपामुळे ग्राहक मूळ कंपनीशी बांधला जातो. घर विकले गेले किंवा कंपनीच बंद पडली, तर नव्या मालकाला घराची किल्ली मिळते, पहारेकऱ्याची मिळत नाही. अशा वेळी आधी मूळ कंपनीकडे क्रमांकाची लेखी मागणी करावी. तो मिळालाच नाही, तर नियंत्रण-मंडल बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. संवेदक व भिंतीतील तारा मात्र बहुधा तशाच वापरता येतात, त्यामुळे सर्वच खर्च वाया जात नाही.

म्हणून यंत्रणा बसवून घेताना, त्याचप्रमाणे घर विकत घेताना, दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : सामग्री कोणाच्या मालकीची आहे, आणि करार संपल्यावर तंत्रज्ञाचा क्रमांक ग्राहकाला मिळेल काय? ज्या पहारेकऱ्याला आज्ञा देण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती आहे, तो घर राखीलही. पण त्याला आपला म्हणता येणार नाही.