थोडा विलंब, मोठा बचाव

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेले वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली, तर फळगळ ओढवते. या पाण्याची भिस्त विहिरी, बोअर आणि ठरावीक तासांच्या थ्री-फेज विजेवर असते. वीज अवेळी आली तरी पंप सुरू व्हावा, म्हणून शेतकरी ऑटो-स्विच बसवतात आणि अडचण तेथूनच सुरू होते.

मोटार थेट सुरू होताना नेहमीच्या सुमारे सहापट विद्युतप्रवाह खेचते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला चालताना साधारण ८ अँपिअर लागत असतील, तर सुरुवातीच्या क्षणी ही मागणी ४५ ते ५० अँपिअरवर जाते. एका रोहित्रावरील सर्व पंप एकाच वेळी सुरू झाले, की विजेचा दाब कोसळतो, फ्यूज उडतात आणि प्रसंगी रोहित्रच जळते. म्हणूनच ऑटो-स्विच काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन महावितरण करीत आले आहे.

जेथे स्वयंचलित सुरुवात टाळता येत नाही, तेथे कारखान्यांतील ‘टाइम डिले रिले’ म्हणजेच टाइमर उपयोगी पडतो. त्याचे प्रकार अनेक. ‘ऑन-डिले’ प्रकारात वीज आल्यावर ठरलेला वेळ सरल्यानंतरच संपर्क जुळतो. ‘ऑफ-डिले’मध्ये आज्ञा थांबल्यावर तो उशिराने सुटतो. ‘स्टार-डेल्टा’ टाइमर मोठ्या मोटारीची जोडणी काही सेकंदांनी बदलतो. पंप उशिरा सुरू करण्यासाठी पहिलाच प्रकार हवा. मध्येच वीज गेली, तर त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, हाही लाभच.

निवड करताना काळाची मर्यादा, कॉइलचा व्होल्टेज आणि संपर्काची क्षमता पाहावी. टाइमरच्या संपर्कावर मोटारीचा भार कधीही देऊ नये. त्याने केवळ स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी. ग्रामीण भागातील विजेचा चढउतार लक्षात घेता, कमी-अधिक दाबावरही चालणारा टाइमर श्रेयस्कर. जोडणी मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उपकरणाबाहेरची आहे. सर्वांनी ३० सेकंदांचाच विलंब ठेवला, तर सारे पंप पुन्हा एकदमच सुरू होतील. गर्दी केवळ अर्ध्या मिनिटाने पुढे सरकेल. एकाने ३०, दुसऱ्याने ६०, तिसऱ्याने ९० सेकंद असा क्रम आपसांत ठरवला, तरच रोहित्र वाचेल. टाइमर प्रत्येकाचा असला, तरी रोहित्र सामाईक आहे.